छऱ्याची बंदूक: तेव्हा आणि आता

आज दहा-पंधरा हजारांत मिळणारी एअर रायफल जितकी नेमाची आहे, तितकी नेमाची बंदूक आमच्या लहानपणी अख्ख्या पेठेत कुणाकडे नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी जुन्या बंदुकीबद्दल जिव्हाळ्यानं बोलणार आहे, आणि ते वाचून कुणी अडगळीतली गंजकी बंदूक विकत घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही.

सत्तरच्या दशकातल्या कोल्हापुरात पोरांची बंदुकीशी पहिली गाठ पडायची ती जत्रेत. फळीवर रांगेनं टाचलेले फुगे, समोर आडवं बाकडं आणि त्यावर ठेवलेल्या दोन बंदुका. हजारो हातांतून गेलेल्या त्या बंदुकांची माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण, हमखास वाकलेली असायची. पहिले दोन छर्रे कुठं जातात ते बघायचं, आणि तिसरा तेवढाच उलट बाजूला धरून सोडायचा. बंदूक आपल्याला हवी तशी नसते, ती जशी आहे तशी आधी ओळखावी लागते, हे तिथं कळलं.

घरात स्वतःची बंदूक असणं दुर्मीळ. पेठेत एखाद्याकडे असायची आणि मग ती सगळ्या पेठेचीच व्हायची. नशीब असलं तर ती जर्मन बनावटीची 'डायना' असे, आयातीवर निर्बंध येण्याआधी कुणा काकांनी आणलेली. नाहीतर देशी. सिमेंटचे नळ बनवणारी, वालचंद हिराचंदांनी 1926 मध्ये उभी केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी एअर रायफलीही बनवत असे, आणि तिची बंदूक ज्याच्याकडे असेल त्याचा भाव वधारायचा. बाकी छोट्या कारखान्यांतल्या बंदुका, त्यांत एकासारखी दुसरी नसायची. दुकानात गेलं की दुकानदार नळी मोडून हातात द्यायचा, आपण ती दाराच्या उजेडाकडे धरून एक डोळा आत लावायचा. आतल्या चक्राकार खाचा स्वच्छ दिसल्या तर ठीक. कित्येक नळ्यांत खाचा नावालाच असायच्या. मग नळी परत मिटवताना ती डगमगते का हे बोटांनी तपासायचं. एवढीच निवड. डब्यावर आकडे नव्हते, डबाच नव्हता.

त्या बंदुकीची देखभाल हा वेगळाच संसार होता. पिस्टनला चामड्याचा वॉशर, तो सुकला की हवा धरत नसे. तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि रात्रभर उभी करून ठेवायची. तेल जास्त झालं तर दाबाच्या उष्णतेनं ते आतल्या आत पेटायचं, नळीतून धूर यायचा आणि छर्रा भलतीकडेच जायचा. पोरांना धुराचं अप्रूप वाटे. वडीलधारी माणसं मात्र ओरडायची, कारण त्यानं स्प्रिंग खराब होते हे त्यांना ठाऊक असे. नेम धरायचा तो असा: मागं ओल्या वाळूचं पोतं किंवा रद्दीनं ठासून भरलेलं खोकं, पुढं काडेपेटी, खडूचा तुकडा, सिगारेटचं पाकीट. छऱ्यांची डबी सगळ्यांत मिळून एक, म्हणून प्रत्येक छर्रा मोजून मारायचा.

त्या काळाची एक बाजू मला आजही बोचते. काडेपेटीचा कंटाळा आला की पोरं झाडाकडे वळायची. चिमण्या, होले, बुलबुल, कशालाच सोडत नसत, आणि मोठ्यांनाही त्यात काही गैर वाटत नसे. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता, पण पेठेत तो कुणाला माहीत? आज नेमबाजी म्हणजे कागदावरचं काळं वर्तुळ हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. या बाबतीत आताचा काळ निर्विवाद चांगला.

कॉलेजात एनसीसीनं .22 रायफल हातात दिली तेव्हा नेमबाजीतली शिस्त कळली. जमिनीवर पालथं पडायचं, पाचच काडतुसं मिळायची, पंचवीस यार्डांवरचं टार्गेट. झाल्यावर पुंगळ्या मोजून परत द्यायच्या, एक कमी पडली तर सगळी तुकडी गवतात शोधत बसे. उस्ताद मध्यभागी किती लागल्या हे विचारत नसत. पाच छिद्रं एकमेकांच्या किती जवळ आहेत तेवढं बघत. जवळ असतील तर माणूस बरोबर आहे, मग माशी हलवून नेम मध्यावर आणता येतो. याच वाटेनं मुंबईच्या अंजली भागवत 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. आमच्या कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर सराव केलेल्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. आमच्या पेठेत बंदूक मुलींच्या हाती कुणी देत नसे, हे आठवलं की त्या बातमीचा आनंद दुप्पट होतो. आणि 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्य घेतलं तेव्हा तर गावोगावी लोक विचारू लागले, पोराला रायफल घ्यायची तर कुठली?

स्वप्निलच्या प्रकारातली .22 काडतुसाची असते, तिला परवाना लागतो, खर्चही मोठा. हौसेनं घराच्या आवारात किंवा क्लबात कागदावर नेम धरायचा असेल तर 4.5 मिलिमीटरची, म्हणजे .177 ची एअर रायफल पुरते. 2016 च्या नियमांनुसार एवढ्या नळीच्या आणि 20 जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. सामन्यांत वापरतात त्या वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊची किंमत लाखांत जाते, ती पहिल्या दिवशी कुणी बघूही नये. आज आपल्याकडे प्रीसीहोलसारखे भारतीय उत्पादक यंत्रावर नेमकी कापलेली नळी देतात. एकासारखी दुसरी निघते, हेच आमच्या वेळी स्वप्न होतं.

पण तेव्हा निवड नव्हती म्हणून चुकायची सोयही नव्हती. आता ती भरपूर आहे. डब्यावर वेगाचे आकडे ठळक छापलेले असतात आणि मुलगा सर्वांत मोठा आकडा उचलतो. सामन्यातली रायफल 10 मीटरवर छर्रा सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर वेगानं सोडते, ताकद जेमतेम आठ जूल. तिच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं, आणि ते टिपायला तेवढाच वेग पुरतो. छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ गेला की तो हवेत डळमळू लागतो. शिवाय जास्त ताकद म्हणजे जड स्प्रिंग. पंधरा छऱ्यांनंतर दंड भरून येतात आणि सोळावा नेम थरथरतो. म्हणून मी सांगतो, दुकानात नळी मोडून बघा. घरातल्या सर्वांत लहान नेमबाजाला ती विनासायास मोडता आली तर ती तुमची.

दुसरा मोह दुर्बिणीचा. स्प्रिंगची बंदूक आधी मागं आणि लगेच पुढं असा दुहेरी झटका देते, त्यात स्वस्त दुर्बीण महिन्या-दोन महिन्यांत सैल होते. साधी माशी आणि मागची खाच घेऊन शिका, पुढं छिद्राची साइट बसवता येईल अशी रायफल असली तर उत्तम. हाच झटका लक्षात ठेवून ती घट्ट आवळू नका आणि थेट विटेवर टेकवू नका. तळहातावर सैल ठेवा, तिला दर वेळी सारखंच हलू द्या. पेठेतली ती जुनी देशी बंदूक ज्यांना वश होती, ती माणसं नेमकी अशीच धरायची, कुणी न शिकवता.

वॉशर आता कृत्रिम पदार्थाचा असतो, रात्रभर तेल पाजायची गरज संपली. रिकामी मात्र आजही चालवू नये, पिस्टन आपटून स्प्रिंग तुटते. मागची भिंत पक्की हवी, कारण चुकलेला छर्रा शेकडो मीटर जाऊ शकतो. डोळ्याला चष्मा, आणि छर्रे शिशाचे असल्यानं नंतर साबणानं हात धुणं, या दोन्ही गोष्टी आमच्या वेळी कुणीच करत नव्हतं आणि आज प्रत्येकानं कराव्यात.

रायफलीवर सगळे पैसे घालवू नका. थोडे राखून सपाट तोंडाच्या छऱ्यांचे दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीचे डबे घ्या. कागदात ते गोल, स्वच्छ छिद्र पाडतात. प्रत्येक डब्यातले पाच-पाच, त्याच जागेवरून, त्याच पद्धतीनं मारा आणि एनसीसीतल्या उस्तादांसारखं फक्त छिद्रांमधलं अंतर बघा. ज्यांचा पुंजका सर्वांत लहान, तोच डबा तुमच्या नळीचा. मग पुढची खरेदी त्याच छऱ्यांची करा, भाव दोन पैसे जास्त असला तरी.