पिएझोराव

गोंदियाजवळच्या मुर्रीत रोवणी सुरू झाली की पिएझोरावांना उसंत नसते. पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन धुऱ्यावरून चालणारी बाई असो की बांधीच्या चिखलातून एकेक पाय उपसत मागे सरकणारी, प्रत्येकीच्या हाडांत आणि स्नायूंत ते कामावर हजर असतात. पूर्ण नाव पिएझो-१. कुळ प्रथिनांचं, मुक्काम पेशीच्या आवरणात, काम दार सांभाळण्याचं.

स्वभाव मानी. शेजारचे काही दारवान रसायनाचा निरोप आला की हलतात, काही विजेच्या इशाऱ्यावर. पिएझोराव दाबाखेरीज कुणाला दाद देत नाहीत. आवरण ताणलं गेलं की काही मिलिसेकंदांत दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि दार पुन्हा मिटतं. दाब तसाच धरून ठेवला तरी फार वेळ उघडं राहायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

रूपाचा तोराही आहेच. तीन सारखे भाग, प्रत्येकात अडीच हजारांहून अधिक अमिनो आम्लं, आणि पंख्यासारखी पसरलेली तीन वाकडी पाती. बसतील तिथे आवरणाला खड्डा पाडून ऐसपैस बसतात. ताण आला की पाती सपाट होतात आणि मधली वाट मोकळी होते.

एवढा डौल असून ते लपून राहिले 2010 पर्यंत. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत बर्ट्रँड कोस्ट आणि आर्डेम पातापूतियान यांनी 72 संशयित जनुकांची यादी केली. एकेक जनुक गप्प करायचं आणि पेशीला बारीक नळीनं टोचून पाहायचं. पेशीनं टोचणीला उत्तर देणं थांबवलं ते यादीतल्या शेवटच्या जनुकापाशी! या शोधासाठी पातापूतियान यांना 2021 चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत.

हाडांवर त्यांचा विशेष जीव. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या हाडपेशींतून त्यांना काढून टाकलं, तर हाडं पातळ आणि कमजोर झाली. वर भार देऊनही नवं हाड पुरेसं धरेना. भार पडतोय ही वर्दी द्यायलाच कुणी उरलं नव्हतं.

स्नायूंशी वागणं मात्र रुसव्याचं. जपानी संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं, की उंदराचा पाय जखडून ठेवला तर स्नायूतली पिएझोरावांची संख्याच घटते, पेशीतलं कॅल्शियम कमी होतं आणि स्नायू झिजवणारे निरोप सुटतात. हाडांचंही तसंच, अंतराळवीरांचं पाहा. भारच नाहीसा झाल्यावर त्यांच्या वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं उतरते.

अतिउत्साह हा त्यांचा दोष. काही घराण्यांत जनुकातल्या बदलामुळे ते दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवतात. मग तांबड्या पेशी पाणी गमावून सुकतात आणि रक्तक्षय होतो.

पण मन राखायला सोपे आहेत. त्यांना रोजचा थोडा भार हवा, एवढंच. घरातल्या आजीला मायेपोटी ‘तुम्ही नुसत्या बसून राहा’ म्हणू नका. प्लास्टर निघालेल्याला डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी हात धरून उभं करा. पिएझोराव विश्रांतीला मान देत नाहीत, पावलाला देतात.