बिनकान्याचे शब्द

आमच्या गावात वर्ष जानेवारीला सुरू होत नसे. ते सुरू व्हायचं दसऱ्याला, मुकादम उचल वाटून गेला की. बीड जिल्ह्यातला बालाघाटचा डोंगराळ पट्टा, पावसाच्या भरवशावरची शेती. बाजरी घरात आली की रानात फारसं काम उरायचं नाही. मग ट्रकात बैल चढायचे, पत्र्याची पेटी, धान्याचं पोतं, भांडी, कोंबड्या आणि लेकरं चढायची. कोल्हापूर, सांगली, कधी नगरकडचा कारखाना. परत यायचं ते पाडव्याच्या मागंपुढं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा. माणसं अशी कोयत्यानं मोजली जायची. लेकरांची मोजदाद कुठंच नव्हती.

शाळेचं वर्ष मात्र जूनला उघडायचं. या दोन वर्षांचं एकमेकांशी कधी जमलं नाही, आणि आमच्याकडच्या कितीतरी पोरांचं शिक्षण त्या न जमण्यातच संपलं.

मी पहिलीत गेलो ते 1979 साल. माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी घरी आजीजवळ राहिलो. मी मुलगा होतो हे एक कारण, आणि आजीला शेळी सोडायला, पाणी आणायला कुणीतरी हवं होतं हे दुसरं. अक्का मात्र दरवर्षी मायबापासंगं कारखान्याला गेली, कारण कडेवर सतत कुणीतरी धाकटं होतं. माय पहाटे चारला दादांच्या मागं फडात जायची. अक्कानं कोपीवर थांबायचं, झोळी हलवायची, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या आणि लेकरू रडलं की फडाच्या बांधावर नेऊन मायला पाजायला द्यायचं. शाळेचा विषय निघाला की माय एकच बोलायची, "अन् लेकरू कोण सांभाळीन?" त्यावर कुणाकडंच उत्तर नसायचं.

तेव्हाची शिकवण्याची रीत सरळ होती. जूनपासून मुळाक्षरं. मग बिनकान्याचे शब्द : घर, नळ, बदक, कमळ. दिवाळीची सुट्टी संपली की काना, वेलांट्या, उकार, मात्रा. जोडाक्षरं त्याच्याही पुढं. म्हणजे नेमका काना यायच्या वेळी आमच्या वर्गातली पोरं ट्रकात बसलेली असायची. 40 पोरांचा वर्ग दिवाळीनंतर 11-12 पोरांवर यायचा. पाडव्याला पोरं परत आली की महिनाभर शाळा मिळायची, 1 मेला निकाल लागायचा आणि जूनमध्ये पुन्हा 'ग म भ न'पासून सुरुवात. अक्का पहिली तीन वेळा तरी शिकली असेल, पण तीनही वेळा अर्धीच. त्यामुळं तिला बिनकान्याचे शब्द चांगले वाचता यायचे आणि काना दिसला की ती थांबायची.

हे आमच्या गुरुजींनी बरोबर पकडलं. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात हा एक गृहस्थ असा की पोर परत आलं की त्याला आधी विचारायचा, "कुठवर आलं होतं आपलं?" अक्का दहा-अकराची असेल त्या वर्षी. हिशेबाचा कागद वाचून घ्यायला दादा शाळेत आले होते. मुकादमानं दिलेला चुरगाळलेला कागद. अक्का मागं उभी होती. गुरुजींनी तो तिच्याच हातात दिला. तिनं बोट ठेवून वाचलं, "उचल." मग, "वजन." मग, "टन." पुढच्या शब्दापाशी बोट थांबलं. तो शब्द होता 'बाकी'.

मला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं की वाटतं, आमच्या सगळ्या गावाचंच वाचन त्या शब्दापाशी अडलेलं होतं. उचल किती घेतली ते साऱ्यांना कळायचं. बाकी किती उरली ते मुकादम सांगेल तेच खरं.

गुरुजींनी तिला पुस्तकाचं पहिलं पान उघडायला लावलं नाही. त्या कागदावरूनच सुरुवात केली. बाकी, खाडा, पावती, गाडी, काटा. एका दिवशी एक शब्द, आणि त्यातलं काना किंवा वेलांटी उचलून तिच्या ओळखीच्या दहा शब्दांना लावायची. वाढं, पाचट, कोपी, मोळी. हे शब्द तिच्या तोंडात होतेच, फक्त डोळ्यांना माहीत नव्हते. 1 मेपर्यंत अक्का अडखळत का होईना, ओळ वाचायला लागली.

पुढच्या हंगामाचा हिशेब मी पाहिला नाही, पण घरात तो इतक्यांदा ऐकला की पाहिल्यासारखाच आहे. खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दिवस. त्याचे पैसे कापले जायचे. अक्कानं पेटीच्या झाकणाला आतून कोळशानं रेघा मारून ठेवल्या होत्या. माय आजारी पडली तेव्हा चार, बैल लंगडला तेव्हा तीन. मिळून 7. मुकादमाच्या वहीत 'खाडा' या शब्दापुढं 9 होते. मुकादम वाचून दाखवत होता आणि अक्का त्याच्या खांद्यामागून बघत होती. ती म्हणाली, "दादा, हे दोन कवाचे?"

मुकादम आधी हसला. मग दादांना म्हणाला, "पोरीला इतकं शिकवून काय करायचंय?" पेटी उघडून रेघा दाखवल्या. बरीच बोलाबोली झाली. शेवटी त्यानं एक खाडा खोडला आणि एक तसाच ठेवला. पैसे फार नव्हते, पण त्यानंतर आमच्या टोळीतल्या बाया हिशेबाच्या दिवशी अक्काला बोलवायच्या. "ए पोरी, आमचंबी बघ गं."

याचा शेवट गोड झाला असं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही अक्का कारखान्यालाच गेली, कारण पुन्हा एक लेकरू झालं होतं. चौथीपुढं तिची शाळा नाही. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि तिचा स्वतःचा कोयता सुरू झाला. मी डी.एड. करून 1994 साली शिक्षक झालो. आमच्या दोघांत हुशारीचा फरक नव्हता, झालाच तर तिच्याच बाजूनं झाला असता. फरक होता तो दिवाळीनंतरच्या पाच महिन्यांचा.

तेव्हापासून पुष्कळ बदललं. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. गावाकडं हंगामी वसतिगृहं आली, म्हणजे लेकरानं आजी-आजोबांजवळ राहायचं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेनं करायची. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या लेकराला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावंच लागतं, मागं राहिलेलं असेल तर जादा शिकवावं लागतं, दाखल्यासाठी अडवता येत नाही. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण शिक्षकांची पदं ठरवायला पट मोजतात 30 सप्टेंबरला, आणि आमचे ट्रक निघतात त्यानंतर. मोजणीच्या दिवशी वर्ग भरलेला असतो.

दुसरी एक गोष्ट पट मोजून कळत नाही. 2005 पासून 'प्रथम' संस्थेची माणसं 'असर'च्या पाहणीसाठी खेड्यापाड्यांतल्या घरांत जातात आणि लेकराला वाचायला देतात : अक्षर, शब्द, सोपा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतली कितीतरी पोरं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे त्यातून वर्षानुवर्षं दिसत आलं. लोकांना धक्का बसला. मला नाही बसला. इयत्ता पुढं जाते आणि वाचन एका जागी अडतं, हे मी घरात पाहिलेलं होतं. पोरांना इयत्तेनं न बसवता, वाचता येतं तिथवरच्या गटानं बसवून शिकवायचं, असं आता प्रशिक्षणात सांगतात. आमच्या गुरुजींनी ते पाटीवर आणि एका चुरगाळलेल्या कागदावर केलं होतं.

पहिलीचा वर्ग माझ्याकडं आला की मी क्रम बदलतो. सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघत नाही. पाच-सहा अक्षरं झाली की लगेच काना, मग दोन्ही वेलांट्या. दसऱ्याच्या आत एवढं व्हायलाच हवं. जाणाऱ्या पोराच्या पेटीत एक पातळ वही ठेवतो आणि बापाला सांगतो, "रोज नको, पण काट्यावरची पावती तरी त्याच्याकडून वाचून घ्या." काही पोरं वही तशीच कोरी परत आणतात. काही आणतच नाहीत, चूल पेटवायला गेलेली असते. पण पाडव्याला परत आलेलं पोर ट्रॅक्टरमागची अक्षरं वाचून दाखवतं, तेव्हा कळतं की यंदा 'ग म भ न'पासून सुरुवात करायची नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही. ऑक्टोबरात घरोघर फिरून मी सांगतो, पोरगी ठेवा, वसतिगृह आहे, जेवण आहे. पोरगा ठेवायला आता बरीच घरं तयार होतात. पोरीचं म्हटलं की माय कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेला घेते आणि म्हणते, "गुरुजी, मग ह्याला कोण सांभाळीन?" या प्रश्नाचं उत्तर वसतिगृहात नाही. ते फडाच्या कडेला आहे. तिथं सावलीची एक जागा हवी, दूध आणि पाणी हवं, आणि दिवसभर धाकट्यांना बघायला पगारी बाई हवी. ती सोय होईल तेव्हा थोरली गावात राहील. तोवर मी दसऱ्याच्या आत काना शिकवतोय.