एकाच बाकावरच्या दोघी

२००८ सालच्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण आणि आमच्याच धर्मग्रामातील एक मावशी किरणोपचारांसाठी वसईहून मुंबईला एकत्र जात. दोघींना गर्भाशयमुखाचा कर्करोग. अवस्था एकच, बैठकाही तेवढ्याच, पंचवीस. दोघींच्या पाकिटात कर्करुग्णांचे आश्रयदाते संत पेरेग्रिन यांचे चित्र असे, आणि परतीच्या गाडीत दोघी मिळून रोझरी म्हणत. पुढे दोन वर्षांनी ईस्टरच्या मिस्सेला मावशी पहिल्या रांगेत होत्या. माझी बहीण दफनभूमीत होती.

तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आमच्या ओट्यावर कुणीतरी सहज म्हणाले, ‘मावशींची श्रद्धाच मोठी!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसावे. पण आईने ते ऐकले, आणि आपल्या लेकीच्या प्रार्थनेत काय उणे पडले याचा हिशेब ती पुढे वर्षानुवर्षे करीत राहिली.

मी शाळेत विज्ञान शिकवले. तरी माझ्याकडेही उत्तर नव्हते. किरण पेशीतील डीएनए तोडतात आणि पेशी मरते, एवढेच मला ठाऊक. मग मात्रा सारखी असून फळ वेगळे का?

निवृत्तीनंतर वाचनात एक जुना प्रयोग आला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे हेलन स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. धडधाकट उंदरांपैकी निम्म्यांची गाठ नाहीशी करण्यास ३० ग्रे एवढे किरण पुरले. ज्या उंदरांच्या शरीरात टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ नव्हत्या, त्यांना त्याच फळासाठी दुपटीहून अधिक मात्रा लागली. किरण तेच, गाठही तीच. फरक उंदराच्या अंगच्या बळाचा होता.

किरणांनी मरणाऱ्या पेशींचे अवशेष काही पेशी उचलून लसिका ग्रंथींत नेतात. तेथे टी-पेशींना शत्रूची ओळख पटते आणि त्या गाठीकडे निघतात. मात्र रक्तातल्या या पेशी स्वतः फार नाजूक. थोड्याशा किरणांनीही मरतात. त्यामुळे गाठीत आधीपासून शिरलेल्या टी-पेशी उपचारात प्रथम बळी पडत असणार, असेच बहुतेकांना वाटे. २०१९ साली शिकागोच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले, की गाठीत मुक्काम केलेल्या टी-पेशी त्या माऱ्यातूनही बऱ्याच वाचतात आणि उरलेले काम पार पाडतात. अर्थात गाठीतल्या साऱ्याच प्रतिकारपेशी आपल्या बाजूच्या नसतात. काही भक्षक पेशी शत्रूलाच आसरा देतात आणि किरणांनंतर गाठ पुन्हा उभी राहण्यास हातभार लावतात. घरभेदी कुठे नसतात!

उंदरांवरून माणसांची गोष्ट सांगता येत नाही, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. पण बहिणीच्याच आजारावर, तो बराच पसरलेला असताना, टी-पेशींचा लगाम सैल करणारे एक औषध केमो व किरणोपचारांच्या जोडीला देऊन पाहिले गेले. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात सुमारे ७५ वरून ८३ च्या आसपास गेले. त्याच्या आदल्याच वर्षी तशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत मात्र असा लाभ दिसला नव्हता. म्हणजे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

गेल्या लेंटमध्ये एका दुपारी मी हे सारे आईला सांगितले. वाडीच्या राखणदारांची उपमा दिली. राखणदार जागे असले तर बाहेरून आलेली मदत कामी येते. नसले तर तीच मदत अपुरी पडते. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. बराच वेळ तिची बोटे माळेच्या एकाच मण्यावर थांबली होती.

‘म्हणजे तिच्या अंगात राखणदार कमी होते?’

‘असतील. आई, ते कुणी मोजले नव्हते. मावशींचेही नाही.’

‘पण रोझरी तिने चुकवली नव्हती ना?’

‘एकही दिवस नाही.’

आईने मान हलवली आणि पुढचा मणी धरला.