चिमूट

आईने मला पाक शिकवला तो बोटांनी. कालथ्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूच उघडायची, तार तुटली नाही की कढई खाली. आणि लगेच तीच बोटं जिभेला. मी दहा वर्षांची होते. पहिल्यांदा चटका बसला तेव्हा ती म्हणाली, "भाजलं म्हणजे कळलं."

पुढे ही चिमूटच माझं मापटं झाली. मीठ, हिंग तिच्यानेच पडायचं. भाताचं शीत तिच्यातच दाबून बघायचं. मुलीचा पहिला मऊ घास आधी माझ्या ओठाला लागला, मग तिच्या तोंडात गेला. हात आणि तोंड वेगळे आहेत, असं स्वयंपाकघरात मला कधी वाटलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर रव्याच्या लाडवांचा पाक बघत होते. बोटं उघडली. तार दिसली, पण जाणवली नाही. उजव्या अंगठ्यात, तर्जनीत मुंग्या. चहाचा कप तोंडाला लावला, तर उजव्या कोपऱ्यात ओठच नव्हता, दाताच्या इंजेक्शननंतर होतो तसा. हात उचलता येत होता, बोलणं साफ होतं. मी परातभर लाडू वळले.

दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी मानेचा मणका म्हणून गोळ्या दिल्या. मानेमुळे ओठ कसा बधिर होईल, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. एमआरआय झाला तिसऱ्या दिवशी. मेंदूतल्या डावीकडच्या थॅलॅमसमध्ये मसुराएवढा ठिपका. केसासारखी एक रक्तवाहिनी बुजली होती. बीपीने अशा वाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं जाड होत जातात. आणि माझी गोळी उपासाच्या दिवशी हमखास राहायची. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. मला ते दिलंच असतं असं नाही. पण ते तास लाडू वळण्यात गेले, याची चुटपुट अजून आहे.

पण हात आणि ओठच का? मेंदूच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. संपूर्ण अंगाची जाणीव थॅलॅमसमधून वर जाते, आणि तिथे बोटांची जागा ओठांच्या जागेला अगदी खेटून आहे. वर मेंदूच्या पृष्ठभागावरही अंगठ्याचा शेजार चेहऱ्याशीच. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य वीज लावून हा नकाशा काढला आणि 1937 मध्ये प्रसिद्ध केला. मसुराएवढी जागा गेली की दोन्ही शेजारी एकदम गप्प होतात. माझा दंड, माझा पाय शाबूत आणि चिमूट व घास तेवढे गेले, याचं कोडं त्या कागदावर सुटलं. त्या दिवशी मी रडले.

ओठ बराचसा परतला. बोटांची टोकं अजून जाड कापडातून शिवल्यासारखी लागतात. गरम भाताचा अंदाज आता डाव्या हाताने घेते. गोळी देवाच्या दिव्याशेजारी असते, उपास असो नसो.

यंदा पाक डाव्या हाताने बघितला. चटका बसला, चिकटपणा कळला, तारही जाणवली. पण ती एकतारी की दोनतारी, ते त्या बोटांना सांगता येईना. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग बोटं खिडकीच्या उजेडात धरली, आणि तार तुटते का ते डोळ्यांनी बघत राहिले.