लाल दिव्याची गाडी

लाल दिव्याच्या गाडीचं आपल्याकडे कोण अप्रूप! १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, पण गेल्या महिन्यात आमची गाडी मात्र लाल दिव्याची झाली. फरक इतकाच की दिवा टपावर नव्हता, आत होता. वेगाच्या काट्याशेजारी. गोल, आणि त्यात उद्गारचिन्ह.

तर झालं असं. मावसबहिणीच्या मुलाचं लग्न चिपळूणला. पुण्याहून निघायचं, कराडला आई-बाबांना घ्यायचं आणि पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, असा बेत. गाडी चौदा वर्षांची, म्हणून आधीच ब्रेकचं काम करून घेतलं. पुढचे पॅड नवे, मागचे लायनर नवे. चार दिवस सगळं छान. पाचव्या दिवशी चांदणी चौकात वळताना तो दिवा लुकलुकला आणि विझला. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला, पुन्हा लुकलुकला.

गॅरेजला फोन केला. "मॅडम, हँडब्रेकचा स्विच असेल. घेऊन या, वायर काढून ठेवतो." नवऱ्याचं मत पडलं, "ब्रेक तर लागतायत ना?" आणि आमच्या थोरल्या भाऊजींनी तर कमालच केली. त्यांच्या गाडीत हाच दिवा दोन वर्षं लागतोय, म्हणून त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावलीय. (भाऊजी, वाचत असाल तर पुढचं नीट वाचा. :) )

मी बाबांना फोन लावला. बाबांची ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. म्हणाले, "आमचे ब्रेक हवेचे, तुझे तेलाचे. पण विचारायचे प्रश्न तेच. दिवा कधी लागतो ते आधी सांग."

हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता.

त्या एका दिव्याला निदान दोन मालक असतात. एक हँडब्रेकचा स्विच आणि दुसरा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतला तरंगता गोळा. (काही गाड्यांत एबीएसची तक्रारही तिथेच दिसते, पण तेव्हा सोबत पिवळा दिवा लागतो.) स्विच बिघडला असेल तर हँडब्रेकचा दांडा थोडा वर ओढून, खाली दाबून दिव्यात फरक पडतो. माझ्या गाडीत पडत नव्हता. दिवा लागायचा तो वळणावर आणि ब्रेक दाबल्यावर. म्हणजे डबीतलं तेल एका बाजूला कलंडलं की गोळा क्षणभर खाली जातो. म्हणजे तेल काठावर आलंय.

बॉनेट उघडलं. तेल खालच्या रेघेला टेकलेलं. काम झालं त्या दिवशी ते वरच्या रेघेला होतं, हे मी स्वतः बघितलं होतं.

बाबा म्हणाले, "पॅड झिजतात तसं तेल डबीत थोडं उतरतं, पण त्याला महिने लागतात. नव्या पॅडवर पाच दिवसांत नाही. ब्रेकचं तेल आटत नाही गं, ते कुठेतरी जातंय."

जमीन तर कोरडी होती. "खाली बघू नकोस, चाकांच्या आतल्या बाजूला हात लाव." डाव्या मागच्या टायरची आतली बाजू ओलसर लागली, बोटं बुळबुळीत झाली. तेल ड्रमच्या आतच गळत होतं आणि लायनरवर पसरत होतं, म्हणून जमिनीवर थेंब नाही.

दुसऱ्या मेकॅनिककडे ड्रम उघडला. व्हील सिलिंडर गळत होता. त्याने कारण दाखवलं ते मला फार आवडलं. जुने लायनर झिजलेले, त्यामुळे आतले पिस्टन वर्षानुवर्षं बाहेरच्या बाजूला सरकून काम करत होते. नवे जाड लायनर बसवले की पिस्टन मागे ढकलले जातात, जिथे इतकी वर्षं गंज आणि चिखट साठलेलं असतं. रबर त्यावर घासतं आणि फाटतं. म्हणजे लायनर बसवणाऱ्याने लायनर बरोबरच बसवले होते. फक्त सिलिंडरचं रबर उचलून बघायला हवं होतं, त्याला दोन मिनिटं लागतात.

दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदलले. तेल प्यायलेले लायनर नीट पकडत नाहीत, म्हणून तेही पुन्हा नवे. मग एअर काढायचं काम. मी सीटवर, तो चाकाशी. "दाबा... धरा... सोडा." असं चारही चाकांना. नवं ऑइल सीलबंद डब्यातलं घातलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चं ताजं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. घाट उतरताना ब्रेक किती तापतात हे कोकणच्या माणसाला सांगायला नको.

नंतर विचार करताना जाणवलं, तो दिवा विझवायचे तीन मार्ग होते. वायर काढणं, डबीत तेल ओतणं आणि सिलिंडर बदलणं. तिन्हींनंतर समोरचा काळा चौकोन अगदी सारखाच दिसला असता. हल्ली ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा उरतो, हे खरं. पण पाच माणसं, सामान आणि कुंभार्लीची उतरण असताना अर्ध्या ब्रेकचा हिशोब मला करायचा नव्हता.

लग्न छान झालं. घाटात बाबा पुढच्या सीटवर होते. एकदाच बोलले, "गियर उतरव, ब्रेकवर बसू नकोस." आई मागे झोपली होती.

तर भाऊजी, एवढंच करा. ती चिकटपट्टी काढा, गाडी सपाट जागी उभी करा, बॉनेट उघडा आणि डबीवरच्या दोन रेघा बघा. तेल वरच्या रेघेशी असेल तर स्विचच असेल, मी हरले, जेवण माझ्याकडून. नसेल तर टॉर्च घ्या आणि चाकांच्या आतून हात फिरवा.