घाण कोणाची? फिन्सबरीचा धडा

वस्तीत क्षयरुग्णांची यादी करताना एक वाक्य आम्हाला हमखास ऐकायला मिळते: "हे लोक स्वच्छताच पाळत नाहीत." मागच्या पावसाळ्यात एका अधिकाऱ्याने ते आमच्या तोंडावर सुनावले. आम्ही नुकतेच एका घरातून आलो होतो. दहा बाय दहाची खोली, सात माणसे, खिडकी नाही. घरकाम करणारी ती बाई रोज बुडतो म्हणून गोळ्या आणायला जात नव्हती. समाजशास्त्रात एम.ए. करूनही त्या क्षणी आम्हाला उत्तर सुचले नाही. ते पुढे लंडनच्या इतिहासात सापडले.

फिन्सबरी हा तेव्हाच्या लंडनमधला लहान, दाटीवाटीचा, कामगारांचा बरो. बरो म्हणजे स्वतःची निवडून आलेली परिषद असलेला शहराचा विभाग. घटसर्प, क्षय अशा ठरावीक रोगांचा रुग्ण आढळला की डॉक्टरने तो कळवणे कायद्याने बंधनकारक होते. बरोचा आरोग्य अधिकारी दरवर्षी अहवाल काढी. कोणत्या रोगाचे किती रुग्ण, किती मृत्यू, हे तर त्यात असेच. पण घरांची अवस्था काय, हेही त्याच अहवालात असे. रोग आणि घर एकाच वहीत! हा मुद्दा लक्षात ठेवा.

१९३८ साली या बरोचे महापौर झाले डॉ. चुनीलाल कटियाल, मूळचे पंजाबचे. आरोग्य समितीचे काम त्यांनी आधीपासून पाहिले होते. त्याच वर्षी फिन्सबरी आरोग्य केंद्र उघडले. क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, निर्जंतुकीकरणाची सोय, सगळे एका छताखाली. घरात औषधाची धुरी चालू असेल तेवढे दिवस कुटुंबाला राहायला जागासुद्धा तिथेच. वास्तुकार होते बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्यांचा टेक्टन गट. गरिबांसाठी म्हणून कामचलाऊ बांधायचे, हा विचार त्यांनी मोडून काढला.

मग युद्ध आले. सप्टेंबर १९३९ मध्ये शहरांतली लाखो मुले खेड्यापाड्यांत हलवली गेली. त्यांच्या डोक्यातल्या उवा आणि अंगावरची खरूज पाहून सुखवस्तू घरांत ओरड झाली: झोपडपट्टीतल्या आयाच घाणेरड्या! जात नाही, तरी भाषा तीच. पुढे बॉम्बवर्षावात माणसे आश्रयस्थानांत खेटून झोपू लागली. युद्धाच्या पहिल्या वर्षांत क्षयाचे मृत्यू वाढले.

१९४२ मध्ये अब्राम गेम्स या चित्रकाराने सैनिकांसाठी एक भित्तिपत्रक काढले. समोर हेच देखणे आरोग्य केंद्र आणि त्याच्या मागे पडक्या भिंतींमध्ये मुडदूस झालेले मूल. चर्चिल यांना ते सहन झाले नाही. पत्रक मागे घ्यायला लावले. लोकांना घाणेरडे म्हटलेले चालते, पण घाण कोणी ठेवली हे चित्रात दाखवलेले चालत नाही!

आता आकडे पाहा. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये घटसर्पाचे ६१ हजारांहून अधिक रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू नोंदले गेले. त्याच सुमारास मोफत लसीकरणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९५७ मध्ये उरले ३८ रुग्ण आणि ६ मृत्यू. एवढ्या वर्षांत गरीब माणसाचा स्वभाव बदलला नव्हता. लस त्याच्या दारापर्यंत पोहोचली होती.

पण ब्रिटनचे गोडवे गायला आम्ही बसलेलो नाही. १९४३ पासून क्षयरुग्णांच्या कुटुंबांना भत्ता मिळू लागला, तो बरे होऊन कामाला लागतील अशांनाच. जुनाट रुग्ण वगळले. माणसाची किंमत त्याच्या श्रमावरून ठरली.

याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे आले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आणि त्या महामंडळाचे महासंचालक म्हणून भारतात कोण आले? फिन्सबरीचे तेच डॉ. कटियाल. आजारपणात रोज बुडाला तर त्याची भरपाई हा कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व आपल्या देशात कायद्याने मान्य झाले आहे. मात्र आमची ती घरकाम करणारी बाई आजही त्या कायद्याच्या बाहेर आहे.

म्हणून वस्तीत काम करणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे. नुसती रुग्णांची यादी करू नका. प्रत्येक नावापुढे लिहा: खोली केवढी, माणसे किती, पाणी किती वेळ, गटार उघडे की बंद, आजारपणात किती रोज बुडाले. नावे जपून ठेवा, आकडे घेऊन प्रभागाच्या कार्यालयात जा. आम्ही तशी वही सुरू केली आहे. पुढच्या वेळी तो अधिकारी स्वच्छतेवर बोलू लागला, की ती वही आम्ही त्याच्या टेबलावर ठेवणार आहोत.

जय भीम.