पंचवीसशे

आमच्या घरात ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखालचा काळा डबा. खरा सीपीयू त्या डब्याच्या पोटात असतो आणि चौदा वर्षांत मी त्याला दोनदाच पाहिलं. एकदा २०११ मध्ये, लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मशीन जोडून घेताना. दुसऱ्यांदा २०२५ च्या पावसाळ्यात, पुतण्याने पंख्याखालची वाळून खडू झालेली पेस्ट पुसली तेव्हा.

काडेपेटीहून आखूड चौकोन. वर राखाडी धातूचं टोपण आणि त्यावर कोरलेलं नाव, कोअर आय-फाइव्ह २५००. आम्ही नुसतं पंचवीसशे म्हणतो. उलटा केला की खाली १,१५५ सोनेरी ठिपके. टाचण्या असतात त्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये, आणि त्यातली एक वाकली की दुकानदार हात वर करतो. हा मात्र नामानिराळा.

घराणं सँडी ब्रिज. आखणी इस्रायलमध्ये, इंटेलच्या हैफातल्या केंद्रात झाली. पाळण्यातलं नाव ‘गेशर’, हिब्रूत त्याचा अर्थ पूल. पुढे नाव बदललं तेव्हा पूल राहिला आणि वाळू आली. जानेवारी २०११ मध्ये तो बाजारात उतरला आणि महिना संपायच्या आत, ३१ तारखेला, बोर्डावरच्या सोबतच्या चिपमध्ये दोष असल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. हार्ड डिस्क जोडायची काही पोर्टं कालांतराने बिघडण्याचा धोका होता. दोष सोबत्याचा, पण ‘थांबा, एवढ्यात घेऊ नका’ हे ऐकावं लागलं पंचवीसशेला. आम्ही मशीन घेतलं तोवर ते निस्तरलं होतं.

गाजला तो याचा भाऊ, नावापुढे ‘के’ लावणारा. हौशी मंडळी त्याचा वेग ३.३ गिगाहर्ट्‌झवरून साडेचारपर्यंत चढवत आणि फुशारक्या मारत. आमचा बिन-के, ठरल्या पगारात काम करणारा. चार कोअर, ९५ वॉटचा आहार. त्याने माझे चौदा दिवाळी अंक लावले. मधल्या काळात तो फार रेंगाळू लागला म्हणून मी त्याला काढायलाच निघालो होतो. पुतण्याने हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि मशीन पुन्हा पळायला लागलं. गुन्हा कोणाचा आणि शिव्या कोणाला! त्याने काही मनावर घेतलं नाही.

त्याच्या मागून आलेल्यांचं काय सांगावं? २०१२ मध्ये तिसरी पिढी आली, ३२ नॅनोमीटरवरून २२ वर उतरून सडपातळ झालेली. २०१३ मध्ये चौथी, २०१५ मध्ये सहावी, २०१७ च्या आरंभी सातवी. प्रत्येक वेळी वेग थोडासाच वाढे आणि घरातल्या डेस्कटॉपसाठीच्या आय-फाइव्हला कोअर मात्र तेच चार. पंचवीसशेवाल्यांना नवा घेण्याचं कारणच सापडेना. मग मार्च २०१७ मध्ये समोरच्या बिऱ्हाडातून, म्हणजे एएमडीकडून, रायझन आला, आठ कोअरचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठव्या पिढीतल्या आय-फाइव्हला अचानक सहा कोअर मिळाले. शेजाऱ्याने भिंत रंगवल्याशिवाय आपल्या घराला चुना लागत नाही, हे चाळीत राहिलेल्यांना ठाऊक आहे.

पुतण्याने नवा निवडला तो आय-थ्री १२१००. मी हबकलो. आय-फाइव्हवरून आय-थ्रीवर? ही तर पदावनती!

“काका, थ्री-फाइव्ह ही पिढीच्या आतली उतरंड आहे. पुढचा आकडा बघा. तुमचा दोन, याचा बारा.”

कागदावर दोघांचेही कोअर चार आणि मूळ वेगही ३.३च. मग फरक कुठे? पुतण्या तबला शिकलेला, म्हणून त्याने मला पटेल असं सांगितलं. ३.३ ही लय झाली, सेकंदाला ३३० कोटी ठोके. लय तीच, पण नव्याच्या एका मात्रेत बोल जास्त बसतात. पंचवीसशे एका ठोक्यात चार आज्ञा उलगडू शकतो, नवा सहा. पंचवीसशेच्या नजरेच्या टप्प्यात एका वेळी १६८ बारीक कामं राहतात, नव्याच्या ५१२. त्यामुळे एक काम अडलं तर तो पुढचं उरकून ठेवतो. शिवाय गरज पडली तर नवा वेगही जास्त चढवतो, ४.३ पर्यंत; आमचा ३.७ ला थांबतो. आणि प्रत्येक कोअरला दोन-दोन धागे हाताळता येतात, ती कला पंचवीसशेला नाही. अंकाची पीडीएफ करणं हे बहुतांशी एकाच कोअरच्या खांद्यावर पडणारं काम, तेव्हा मला हे एका मात्रेतले बोलच कामाचे.

तरी मी टाळत होतो, कारण प्रोसेसर एकटा कधी येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. नव्याला १,७०० ठिपक्यांचं सॉकेट हवं, म्हणजे बोर्ड नवा. जुनी डीडीआर-थ्री रॅम त्यात बसत नाही, म्हणजे रॅम नवी. निदान मी हौसेने घेतलेला मोठा कूलर तरी वाचेल म्हटलं, तर त्याची भोकं ७५ मिलिमीटरवर आणि नव्या बोर्डाची ७८ वर. तीन मिलिमीटरने घात केला! (एएमडीवाले २०१७ चा बोर्ड ठेवून कितीदा तरी बायॉस बदलून २०२२ चा प्रोसेसर बसवत होते, हेही पुतण्याने नेमकं तेव्हाच सांगितलं.)

शेवटी पंचवीसशेला घरी बसवलं ते त्याच्या चालीने नव्हे, यादीने. विंडोज अकराला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि विंडोज दहाचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यादीत नाव नाही, विषय संपला. मी एवढीच अट घातली, की दिवाळी अंक छापायला गेल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही. अंक छापायला गेला. शेवटची पीडीएफही त्यानेच केली, पंखा घोंघावत.

आता तो पुतण्याकडे आहे, जुन्याच बोर्डावर, लिनक्स घालून. वहिनी त्यावर कीर्तनं लावतात.

नव्याशी माझी पहिली गाठ एका छोट्या पुस्तकाच्या निमित्ताने पडली. पीडीएफचं बटण दाबलं आणि चौदा वर्षांच्या सवयीने उठून ओट्यापाशी गेलो. आधण ठेवलं, आलं किसायला घेतलं. तेवढ्यात आतून काम झाल्याचा टिंग आवाज आला. पाण्याला अजून बुडबुडासुद्धा आला नव्हता.